घरच्या बागेत धबधबा: पाण्याच्या हिशेबापासून शेवटच्या दगडापर्यंत

बागेत धबधबा करायचा म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी दगडांकडे जाते आणि पंप ही सर्वांत शेवटी घ्यायची वस्तू ठरते. हा क्रम उलटा आहे. धबधबा मनासारखा होणार की नाही, हे दगड येण्याच्या बरेच आधी कागदावरच ठरते. कडेवरून तासाला किती लिटर पाणी जायला हवे, ते किती उंच चढवायचे आहे आणि पंप बंद पडल्यावर वरचे पाणी कोठे जाणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असली की पुढचे काम मेहनतीचे असले तरी गोंधळाचे राहत नाही.

रचना अगदी साधी असते. खालच्या कुंडात ठेवलेला पंप पाइपातून पाणी माथ्यावरच्या लहान टाकीत चढवतो. टाकी भरली की पाणी कडेवरून पडते आणि पायऱ्यापायऱ्यांनी वाहत पुन्हा कुंडात येते. तेच पाणी फिरत राहते, म्हणून नळाचे पाणी फक्त बाष्पीभवनाने आणि शिंतोड्यांनी होणारी घट भरून काढण्यापुरते लागते. माझ्या बागेतील धबधबा दोन पायऱ्यांचा आणि लहानसाच आहे. पुढील उदाहरणे त्याच्या मापांवर बेतलेली आहेत, म्हणजे तुम्हाला आपली मापे घालून तोच हिशेब करता येईल.

१. जागा ठरवणे

धबधब्याचे तोंड तुम्ही रोज जेथे बसता त्या जागेकडे किंवा ज्या खिडकीतून बाहेर पाहता तिच्याकडे असावे. बागेच्या लांबच्या कोपऱ्यात बांधलेला धबधबा पहिल्या महिन्यानंतर कोणी चालू करत नाही, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

बागेतील सर्वांत खोलगट जागा कुंडासाठी सोयीची वाटते, पण ती टाळावी. पावसाचे वाहते पाणी माती, खत आणि पालापाचोळा घेऊन तेथेच येते, आणि जमिनीखालचे पाणी वर आले तर ते लायनरला, म्हणजे कुंडात अंथरलेल्या, पाणी न झिरपणाऱ्या चादरीला, खालून फुगवते. मोठ्या झाडाखालची जागाही नको, कारण वरून पाने पडतात आणि खोदताना मुळे तोडावी लागतात. दिवसातून काही तास सावली मिळाली तर मात्र शेवाळ कमी धरते. घराच्या भिंतीला किंवा कुंपणाच्या भिंतीला टेकवून मातीचा उंचवटा करू नये. ओल भिंतीत उतरते आणि मातीचा दाबही भिंतीवर येतो.

गच्चीवर धबधबा करायचा असेल तर आधी वजनाचा विचार करावा लागतो. एक चौरस मीटरवर १० सेंमी पाणी म्हणजे १०० किलो, आणि काळा दगड पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट जड असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय गच्चीवर एकही दगड चढवू नये.

घरात लहान मुले असतील तर उघडे कुंड न करता खडीने भरलेला खड्डा करणे शहाणपणाचे आहे. पाणी खडीत मुरून खाली साठते आणि वर उघडे पाणी राहत नाही. या प्रकाराचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण त्याचा हिशेब थोडा वेगळा असतो.

२. उंची, रुंदी आणि पाण्याचे माप

घरगुती बागेत ४५ ते ९० सेंमी उंचीचा धबधबा पुरेसा दिसतो आणि पुरेसा ऐकू येतो. उंची वाढली की शिंतोडे दूर जातात, पाणी वाया जाते आणि पंपही मोठा लागतो. एकाच उंच उडीपेक्षा दोन-तीन लहान पायऱ्या बांधायला सोप्या असतात आणि चुका झाकूनही घेतात.

आता पाण्याचे माप. कडेवरून जाणाऱ्या पाण्याची जाडी, म्हणजे कडेच्या किंचित मागे मोजलेली पाण्याची खोली, ही यातली कळीची गोष्ट आहे. कडेच्या प्रत्येक सेंटिमीटर रुंदीमागे तासाला सुमारे ६५ लिटर पाणी सोडले तर ही जाडी १ सेंमीच्या आसपास राहते. दर सेंटिमीटरला १५० लिटर सोडले तर ती पावणेदोन सेंमीपर्यंत जाते आणि पाण्याचा पडदा सलग, भरलेला दिसतो. दर सेंटिमीटरला २६० लिटर दिले तर जाडी अडीच सेंमी होते, आणि आवाजही तितकाच मोठा होतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: जाडी दुप्पट करायला पाणी दुप्पट नव्हे, तर सुमारे २.८ पट लागते. म्हणूनच रुंद कड आणि लहान पंप अशी जोडी जमत नाही. पाणी दगडावरून नुसते ओघळते. पंप मोठा घेणे शक्य नसेल तर कड अरुंद करावी. १५ सेंमीची भरलेली धार ही ४५ सेंमीच्या तुटक ओघळांपेक्षा केव्हाही चांगली दिसते.

माझी कड ३० सेंमी रुंद आहे. ३० गुणिले १५० म्हणजे तासाला ४५०० लिटर पाणी माथ्यावर प्रत्यक्ष पोहोचले पाहिजे. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पंप घेताना तोच लागणार आहे.

दुसरा हिशेब आहे फिरत्या पाण्याचा, आणि तो बहुतेकजण करतच नाहीत. पंप चालू असताना काही पाणी सतत माथ्याच्या टाकीत, पायऱ्यांवर आणि पाइपात असते, आणि हे सगळे पाणी कुंडातूनच उचललेले असते. माझ्याकडे माथ्याच्या टाकीत कडेच्या पातळीवर चढणारे सुमारे ६ लिटर, २ मीटर लांब आणि ४० सेंमी रुंद प्रवाहात सरासरी ३ सेंमी खोलीचे २४ लिटर आणि पाइपातले ७-८ लिटर धरून साधारण ४० लिटर होतात. कुंडाचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर असल्यामुळे पंप चालू झाला की पातळी दीड सेंमीहूनही कमी उतरते. ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण तेच कुंड अर्ध्या चौरस मीटरचे असते तर पातळी ८ सेंमीने उतरली असती, पंप उघडा पडण्याची भीती निर्माण झाली असती, आणि बंद केल्यावर परत येणारे पाणी काठावरून बाहेर गेले असते. म्हणून कुंडाच्या काठाशी, भरलेल्या पातळीच्या वर, निदान ५ ते ८ सेंमी जागा मोकळी ठेवावी.

खडीच्या खड्ड्याचा प्रकार निवडला असेल तर खड्ड्यात फिरत्या पाण्याच्या दुप्पट ते तिप्पट पाणी मावले पाहिजे. मोठ्या गोल गोट्यांमध्ये ३५ ते ४० टक्केच पोकळी असते, त्यामुळे १२० लिटर पाण्यासाठी सुमारे ३०० लिटरचा खड्डा लागतो. पंपासाठी त्यात भोके पाडलेले एक पिंप उभे पुरावे आणि त्याचे झाकण वरून उघडता येईल असे ठेवावे. नाहीतर प्रत्येक साफसफाईच्या वेळी सगळी खडी उपसावी लागते.

३. पंप आणि पाइप निवडणे

पंपाच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा फसवा असतो. ‘४५०० लिटर प्रति तास, कमाल हेड ३ मीटर’ याचा अर्थ इतकाच की पाणी अजिबात उचलायचे नसेल तेव्हा पंप ४५०० लिटर देतो, आणि ३ मीटर उंचीवर तो काहीच देत नाही. मधल्या उंचीवर तो किती देतो हे पंपाच्या आलेखात दिलेले असते. तो आलेख पाहिल्याशिवाय पंप घेऊ नये, आणि विक्रेता आलेख दाखवू शकत नसेल तर दुसरा पंप पाहावा.

हेड, म्हणजे पंपाला पाणी जेवढे चढवावे लागते ती उंची, काढताना ती पंपापासून मोजत नाहीत. कुंडातील पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या वरच्या तोंडापर्यंत मोजतात, आणि तोंड टाकीच्या पाण्यात बुडालेले असेल तर टाकीच्या पातळीपर्यंत. पंप खोल ठेवला म्हणून त्याला जास्त उचलावे लागत नाही. या उंचीत पाइपातील घर्षणाची भर घालावी लागते, आणि घर्षण मुख्यत्वे पाइपाच्या आतील व्यासावर अवलंबून असते. माझ्या उदाहरणात उभी उंची १.१ मीटर आणि पाइप ६ मीटर लांब आहे. आतून ४० मिमी व्यासाचा पाइप वापरला तर वळणे धरूनही एकूण हेड दीड मीटरच्या आत राहते. त्याच कामासाठी २५ मिमीचा पाइप घेतला तर पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने जाऊ पाहते आणि एकूण हेड साडेतीन मीटरांच्या पुढे जाते. म्हणजे तोच पंप, तीच उंची, आणि पाणी मात्र बरेच कमी. पंपाचे तोंड २५ मिमीचे आहे म्हणून पाइपही २५ मिमीचा घेणे हा सर्वाधिक आढळणारा सापळा आहे. तोंडाशी रिड्यूसर (लहान-मोठे व्यास जोडणारा तुकडा) लावून लगेच मोठा पाइप जोडावा. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरावेत.

पंप गरजेपेक्षा थोडा मोठा घ्यावा आणि पंपानंतर, पाणी बाहेर पडण्याच्या बाजूला, एक बॉल व्हॉल्व्ह बसवावा. धार जास्त झाली तर व्हॉल्व्हने कमी करता येते, पण लहान पंपाला मोठे करता येत नाही. पंप आणि पाइप यांच्यामध्ये युनियन जोड असला की पंप काढण्यासाठी पाइप कापावा लागत नाही.

मासे ठेवणार असाल तर तेल भरलेल्या मोटरचा सबमर्सिबल पंप नको. सील गेले की तेल पाण्यात उतरते. चुंबकीय रोटरचे पंप कमी हेडला वीजही कमी घेतात. दिवसाचे ८ तास चालणारा ८० वॅटचा पंप रोज ०.६४ युनिट वीज खातो. खरेदीच्या वेळी वॅटचा आकडा विचारला नाही तर तो पुढे वर्षानुवर्षे बिलात दिसत राहतो.

४. साहित्य, हत्यारे आणि कागद

लायनरसाठी सुमारे १ मिमी जाडीचे ईपीडीएम रबर सर्वांत सोयीचे, कारण ते मऊ असते आणि कोपऱ्यात नीट बसते. पीव्हीसीही चालते, मात्र उन्हात उघडे राहिले तर लवकर कडक होते. साधी ताडपत्री या कामाची नाही. याशिवाय पुढील वस्तू जवळ असाव्यात:

- लायनरखाली घालायचे जिओटेक्स्टाइल कापड आणि बारीक वाळू
- लायनर जोडण्याची सीम टेप व प्रायमर (जोड द्यावाच लागणार असेल तर)
- पाइप, बेंड, युनियन, बॉल व्हॉल्व्ह, स्टीलच्या होज क्लिप
- दगडांच्या फटी भरण्याचा काळा पाँड फोम
- वेगवेगळ्या आकारांचे दगड, कडेसाठी एक-दोन सपाट फरश्या, गोल गोटे आणि खडी
- कुदळ, फावडे, पहार, घमेले, धुमस, पाणसळ, लांब सरळ फळी, पारदर्शक लेव्हल पाइप, जाड हातमोजे आणि पुढून कडक असलेले बूट

कागदांमध्ये घराच्या भूमिगत नळ, सांडपाणी आणि वीजवाहिन्यांचा नकाशा सर्वांत महत्त्वाचा. नकाशा नसेल तर खोदण्याआधी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्याकडून जागेवर खूण करून घ्यावी. पंपाचा आलेख, वॉरंटीचे कार्ड आणि जागा सामाईक किंवा भाड्याची असल्यास लेखी संमती, हे सगळे एका पाकिटात ठेवावे.

५. आखणी, खोदकाम आणि वीजवाहिनी

जमिनीवर दोरी किंवा पाण्याची लांब नळी टाकून कुंडाचा आकार आखावा आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. येता-जाता तो वेगवेगळ्या बाजूंनी दिसतो आणि बदल सुचतात. मातीत हात घालण्यापूर्वीचे बदल फुकट असतात.

कुंडातून निघालेली माती माथ्याच्या उंचवट्याला वापरता येते, पण ती एकदम ढीग करून टाकू नये. सुमारे १५ सेंमीचा थर टाकावा, थोडे पाणी शिंपडावे, धुमसाने ठोकावे आणि मगच पुढचा थर घ्यावा. न ठोकलेली माती काही महिन्यांत खचते, तिच्याबरोबर माथ्याची टाकी एका बाजूला कलते आणि पाणी कडेऐवजी भलत्याच बाजूने जाऊ लागते. शक्य असेल तर उंचवटा एक पावसाळा तसाच बसू द्यावा.

प्रत्येक पायरीचा तळ खोदताना तो किंचित मागे, म्हणजे माथ्याच्या दिशेने उतरता ठेवावा. पंप बंद झाल्यावर पायऱ्यांत थोडे पाणी टिकते, दगड कोरडे पडत नाहीत आणि पुन्हा चालू करताना कुंडातून कमी पाणी उचलले जाते. कुंडाचा काठ मात्र सगळीकडून एका पातळीत हवा. पाणसळ दोन फुटांवर खरी असते, पण दोन मीटरवर तिचा भरवसा धरू नये. लांब फळी तरी घ्यावी किंवा लेव्हल पाइप वापरावा. ३ सेंमीचा फरक जमिनीवर दिसत नाही, पण पाणी भरल्यावर एका बाजूचे काळे लायनर उघडे पडलेले सगळ्यांना दिसते.

याच टप्प्यावर पाइपाचा आणि वीजवाहिनीचा चर खणून घ्यावा, कारण दगड बसल्यावर ते शक्य होत नाही. पाइप लायनरच्या बाहेरून, उंचवट्याच्या बाजूने माथ्याकडे न्यावा. शक्यतो लायनरला भोक न पाडता काठावरूनच पाइप आत घ्यावा.

विजेचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि तेथे काटकसर करू नये. पंपाच्या वीजमंडळाला ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. जास्त प्रवाहाने तुटणारा नेहमीचा एमसीबी वायरीचे रक्षण करतो, पाण्यात हात घातलेल्या माणसाचे नव्हे. चांगले अर्थिंग, जमिनीखाली पुरेशा खोलीवर कॉन्ड्युटमधून नेलेली केबल, पाण्यापासून दूर आणि छपराखाली बसवलेला सॉकेट, आणि पाण्याखाली एकही जोड नाही, एवढे आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. कुंडात हात घालण्याआधी प्लग काढायचा, केवळ बटण बंद करायचे नाही, हा नियम घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावा.

६. लायनर घालणे

मापाचे सूत्र सोपे आहे: कुंडाची लांबी अधिक दुप्पट खोली अधिक दोन्ही काठांवरची पट्टी. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल कुंडासाठी प्रत्येक काठावर ४० सेंमी पट्टी धरली तर ३.८ मीटर बाय ३.३ मीटर लायनर लागते. धबधब्यासाठी वेगळा तुकडा घ्यावा आणि तो प्रवाहाच्या रुंदीपेक्षा बराच रुंद असावा. पडणारे पाणी दोन्ही बाजूंना उडते, तेव्हा निदान पडण्याच्या उंचीइतके अंतर दोन्हीकडे लायनरच्या कक्षेत यावे आणि त्या बाजूंचा उतार आत, प्रवाहाकडेच असावा.

खड्ड्यातील मुळे आणि टोकदार खडे काढून वाळू पसरावी, तिच्यावर जिओटेक्स्टाइल आणि मग लायनर घालावे. लायनर उन्हात थोडा वेळ पसरून ठेवले तर मऊ पडते. ते ताणून बसवू नये; पाण्याच्या आणि दगडांच्या वजनाने खाली सरकायला त्याला सैलपणा लागतो.

दोन तुकडे जेथे भेटतात तेथे वरचा तुकडा नेहमी खालच्याच्या वर यावा, छपरावर वरचे कौल खालच्या कौलावर येते तसा, आणि निदान ३० सेंमी एकमेकांवर चढलेला असावा. हे उलटे झाले तर पाणी जोडातून मातीत जाते आणि वरून काहीच दिसत नाही.

काठावरचे जास्तीचे लायनर आताच कापू नये. सगळे काम संपून पाणी काही दिवस फिरल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही.

७. दगड रचणे

दगड एकाच प्रकारचे आणि एकाच रंगाचे घ्यावेत. आकार मात्र एकसारखे नसावेत. काही मोठे, बरेच मध्यम आणि भरपूर लहान असे मिश्रण असले की रचना नैसर्गिक दिसते. माशांसाठी कुंड असेल तर चुनखडी टाळावी, कारण ती पाण्याची क्षारता वाढवते. हाताने भुगा सुटणारे किंवा पापुद्रे निघणारे मऊ दगडही नकोत. प्रत्येक दगड आणल्याबरोबर ब्रशने धुवून घ्यावा. दगडाला चिकटलेली माती नंतर पंपाच्या जाळीत येऊन बसते.

वजनाचा अंदाज आधीच घ्यावा. ५० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ३० सेंमी जाड असा ओबडधोबड काळा दगड सहज १०० किलोच्या घरात जातो. असे दगड दोघांनी पहारेने आणि फळ्यांवरून सरकवत न्यावेत. एकट्याने उचलण्याचा मोह टाळावा. जड दगडाखाली लायनरचा किंवा जिओटेक्स्टाइलचा जादा तुकडा अवश्य घालावा.

आधी पडद्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे दगड बसवावेत, मग त्यांच्यामध्ये कडेची फरशी. मोठे दगड पृष्ठभागावर नुसते ठेवल्यासारखे दिसू नयेत म्हणून त्यांचा खालचा भाग मातीत किंवा खडीत बुडवावा.

कडेच्या फरशीसाठी हवा तितका वेळ द्यावा, कारण सगळा धबधबा तिच्यावर अवलंबून असतो. ती आडव्या दिशेने अगदी समपातळीत हवी आणि पुढे अगदी किंचित झुकलेली. पाण्याची जाडी पावणेदोन सेंमी असताना एक टोक १ सेंमीने उंच राहिले तर त्या टोकावरून दुसऱ्या टोकाच्या तुलनेत जेमतेम एक चतुर्थांश पाणी जाते, आणि पडदा एका बाजूला गोळा होतो. फरशी मागच्या दगडी तोंडापासून निदान ५ सेंमी पुढे यावी. एवढे करूनही पातळ पाणी फरशीच्या खालच्या अंगाला चिकटून मागे ओघळते. त्यावर उपाय म्हणजे फरशीची पुढची धार तीक्ष्ण ठेवणे, किंवा खालच्या अंगाला धारेपासून दोन सेंमीवर ग्राइंडरने एक आडवी खाच मारणे. खाचेशी पाणी सुटते आणि सरळ खाली पडते.

दगडांच्या मधल्या आणि खालच्या फटी बुजवल्या नाहीत तर पाणी दगडांवरून न जाता त्यांच्याखालून जाते. पंप चालू असतो, पाणी कुंडात परतही येते, पण धबधबा दिसतच नाही. यासाठी काळा पाँड फोम वापरावा. पिवळा बांधकामाचा फोम उन्हात भुसभुशीत होतो. फोम भरल्यावर फुगतो आणि हलकी फरशी चक्क वर उचलतो, त्यामुळे तो सुकेपर्यंत फरशीवर वजन ठेवावे आणि पाणसळ पुन्हा एकदा लावून पाहावी. फोम ओला असतानाच त्यावर मूठभर वाळू आणि बारीक खडी दाबली की तो नजरेला येत नाही. सिमेंटचा वापर कमीत कमी करावा. ताजे सिमेंट पाण्याची क्षारता वाढवते, आणि माती थोडीशी खचली तरी कडक सांधा तडकतो. वापरलेच तर मासे सोडण्याआधी कुंड काही वेळा भरून रिकामे करावे. सांध्यावर पाणी धरणे हे लायनरचे काम आहे, सिमेंटचे नाही.

फोम किंवा सिमेंट लावण्यापूर्वी बागेची नळी माथ्यावर सोडून किंवा पंप तात्पुरता चालवून पाणी कसे पडते ते पाहावे. आवाज जुळवायचीही हीच वेळ आहे. पाणी थेट पाण्यावर पडले तर आवाज घुमारदार येतो, सपाट दगडावर पडले तर चटचट असा कोरडा. पडद्याच्या खाली मुठीएवढा एक गोटा ठेवून तो चार बोटे इकडे-तिकडे सरकवला तरी आवाज बदललेला स्पष्ट ऐकू येतो. पडद्यामागे पोकळी ठेवली तर आवाज मोठा होतो. हे सगळे शांत वेळी, शक्यतो रात्री करून पाहावे. दिवसा सुखद वाटणारा आवाज झोपण्याच्या खोलीत, आणि शेजारच्या झोपण्याच्या खोलीतही, वेगळा वाटू शकतो.

माथ्याच्या टाकीत पाइपाचे तोंड पाण्याखाली राहिले, तर पंप बंद होताच पाणी त्याच पाइपातून उलटे कुंडात उतरते आणि टाकी रिकामी होते. त्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, किंवा तोंडाजवळ, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, पाइपाला एक लहान भोक पाडावे, म्हणजे पातळी तेथवर उतरताच हवा आत शिरते आणि ओढ तुटते. टाकीत पाइपासमोर एक-दोन दगड ठेवले की उसळी मोडते आणि कडेवर पाणी शांतपणे येते.

८. पहिली चाचणी आणि गळती

कुंड भरावे, पंप तळापासून वर विटेवर ठेवावा, भोवती जाळीचा पिंजरा लावावा आणि मग चालू करावा. पंप क्षणभरही कोरडा चालता कामा नये. एक अहोरात्र पाणी फिरू द्यावे आणि पातळीवर खूण करावी.

दिवसाला ५ मिमी बाष्पीभवन धरले तर ३ चौरस मीटरच्या कुंडातून रोज १५ लिटर पाणी जाते. कडक ऊन आणि वारा असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून पातळी उतरली की लगेच लायनर फाटले असे समजू नये. कुंडाशेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवावी आणि दोन्हींतील घट ताडून पाहावी. कुंडातील घट बरीच जास्त असेल तर पंप बंद करून आणखी एक दिवस पाहावे. पंप बंद असताना पातळी स्थिर राहिली तर गळती कुंडात नसून वरच्या प्रवाहात आहे, आणि तेथे ती बहुतेक वेळा भोकाची नसून काठाची असते: एखादा दगड दाबून लायनरची कड खाली गेलेली असते, किंवा शिंतोडे लायनरच्या बाहेर पडत असतात. बाजूची माती हाताने चाचपत गेल्यास ओली जागा सापडते. लायनरची कड तेथे उचलून तिच्यामागे माती ठोकली की बहुधा काम भागते. पंप बंद असतानाही पातळी उतरत राहिली, तर ती जेथे थांबेल त्या रेषेवर कुंडाभोवती भोक शोधावे.

हे सगळे निस्तरल्यावरच जास्तीचे लायनर कापावे आणि काठ माती, गोटे व झाडांनी झाकावा.

९. चालता ठेवणे

पंपाची जाळी दर आठवड्याला धुवावी. धार बारीक झाली की पहिला संशय जाळीवरच घ्यावा. पंप काढताना तो वायरीला धरून कधीही उचलू नये, त्याला एक नायलॉनची दोरी बांधून ठेवावी. वरून भरायचे पाणी संध्याकाळी थोडे थोडे भरावे आणि नळ सोडून निघून जाऊ नये.

शेवाळासाठी औषध ओतण्यापूर्वी ऊन आणि खाद्य कमी करण्याकडे पाहावे. पाण्याच्या पृष्ठभागावर पसरणाऱ्या वनस्पतींनी सुमारे निम्मे कुंड झाकले तर शेवाळ आपोआप आटोक्यात राहते. दगडावरचा पातळ हिरवा थर मात्र राहू द्यावा. त्यानेच धबधबा जुना आणि मुरलेला दिसतो.

डास वाहत्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, पण पंप बंद असताना पायऱ्यांतील खळग्यांमध्ये घालतात, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पंप रोज काही तास तरी चालवावा. कुंडात गप्पी मासे सोडता येतात, मात्र ते नैसर्गिक ओढ्यात किंवा तलावात कधीही सोडू नयेत. मासे सोडण्याआधी नळाच्या पाण्यातील क्लोरिन उडून जाण्यासाठी पाणी एक-दोन दिवस उघडे फिरू द्यावे. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर ते असे उडत नाही. त्यासाठी क्लोरिन काढणारे द्रावण लागते.

बरेच दिवस घर बंद ठेवायचे असेल आणि कुंडात मासे नसतील, तर पंप बाहेर काढून धुवावा, सावलीत ठेवावा आणि पायऱ्यांतले पाणी उपसून टाकावे. कुंडात पाणी राहणारच असेल तर त्यावर बारीक जाळी ताणून बसवावी.